दादासाठी एडिटर

४ फेब्रुवारी

प्रिय बारकू,

फोन न करता मेल लिहितेय म्हणून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला लागले की तुझा दादा आतल्या खोलीतून "कोण गं?" विचारतो, आणि हे त्याच्या कानावर जायला नको आहे. लॅबमध्ये दुपारी नमुने यंत्रात लावले की जरा उसंत मिळते, तेव्हा लिहितेय. उत्तर याच लॅबच्या पत्त्यावर पाठव.

मला एक एडिटर सुचव. कोड लिहायचा, वेब प्रोग्रामिंगसाठी. फुकट असेल तर उत्तम, नाहीतर स्वस्तातला. मी शिकायचं म्हणतेय. हसू नकोस. इतकी वर्षं लोकांचं रक्त तपासतेय, आता सुई दिसली की माझ्याच हाताला कंटाळा येतो. घरात वेबसाइटी बनवणारा नवरा आहे आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हेही काही बरं नाही.

दादाचा तो जुना एडिटर आहे, पण त्याला मी हात लावणार नाही. त्यानं त्यात स्वतःच्या सोयीनं इतकं काय काय करून ठेवलंय की दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं होईल. मला वेगळा हवा. अक्षरं खूप मोठी करता आली पाहिजेत, खूप म्हणजे खूप. रंग नसले तरी चालतील. माउस जितका कमी लागेल तितकं बरं. आणि घरचा कंप्युटर आता म्हातारा झालाय, तो धापा टाकायला लागेल असं काही सांगू नकोस.

दादाला यातलं काही बोलू नकोस. वेळ आली की मीच सांगेन.

तुझी,
वहिनी


७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हसलो नाही. खरं म्हणजे हसायचीसुद्धा ताकद उरली नव्हती, दिवसभर मीटिंगा होत्या. पण तुझं पत्र वाचून बरं वाटलं. या धंद्यात कोणीतरी आपणहून येतंय, हे आता ऐकायला मिळत नाही.

एडिटर म्हणजे शेवटी वही. वहीवर फार विचार करू नकोस. पैसे तर मुळीच खर्च करू नकोस, आता चांगले एडिटर फुकटच मिळतात. नोटपॅड प्लस प्लस हलका आहे, तुमच्या म्हाताऱ्या कंप्युटरला त्याचं ओझं होणार नाही. दुसरा व्हीएस कोड. तो जरा जड आहे, उघडताना थोडा वेळ घेतो, पण शिकणाऱ्याचा हात धरतो. कंस उघडलास की बंद करून देतो, चुकलं की खाली लाल रेघ मारतो. अक्षरं दोन्हींत हवी तेवढी मोठी होतात. मी तुझ्या जागी असतो तर पहिल्यापासून सुरुवात करून दुसऱ्याकडे गेलो असतो.

रंग नकोत म्हणतेस ते मात्र कळलं नाही. टॅग एका रंगात, मजकूर दुसऱ्या रंगात, यामुळेच तर नवख्या माणसाला वाट सापडते. आणि अक्षरं मोठी हवीत म्हणजे चष्म्याचा नंबर बदललाय, एवढंच. कबूल कर आणि चष्मा बदल. वयाला लाजायचं काय त्यात?

पण वहिनी, तू मला कशाला विचारतेस? घरातच मास्तर आहे. मला तर त्यानंच शिकवलं, साध्या नोटपॅडमध्ये, एकेक ओळ. एक ओळ कळेपर्यंत पुढची दाखवायचा नाही. तेव्हा राग यायचा. आता माझ्या हाताखालची पोरं एआयच्या यंत्राकडून शंभर ओळी लिहून घेतात आणि त्यातली एक धड समजावून सांगू शकत नाहीत, तेव्हा तो राग आठवतो. दादाला विचार. खूश होईल.

बारकू


१९ फेब्रुवारी

प्रिय बारकू,

दोन्ही एडिटर घेतले. तू सांगितलंस तसे उतरले, काही अडचण आली नाही. आता पुढचं विचारते.

कंप्युटरवर जे लिहिलेलं असतं ते मोठ्यांदा वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो ना? एनव्हीडीए. तोही फुकटच आहे, मी शोधून काढलाय. या दोन एडिटरांपैकी त्याच्याशी कोणाचं जमतं? म्हणजे ओळ लिहिली की वाचून दाखवेल, चूक झाली की सांगेल, आणि पडद्याकडे मुळीच न बघता काम करता येईल, असा कोणता?

इथपर्यंत लिहून अर्धा तास नुसती बसले. पुढे काय कारण द्यायचं ते सुचेना. आता खोटं लिहायचाही कंटाळा आलाय.

एडिटर दादासाठी हवाय. त्याची नजर जातेय. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, कडेकडेनं दिसायचं बंद होत आत सरकत येतो. त्याला हे बऱ्याच आधी कळलं होतं. मला उशिरा सांगितलं, दाराच्या चौकटीला खांदा आपटून रक्त आलं तेव्हा. दोन डॉक्टर झाले. दोघांनी तेच सांगितलं, की यावर उपाय नाही, फक्त नजर किती दिवसांत पुरती जाईल हे सांगता येत नाही. आता समोर नळीतून बघितल्यासारखं थोडंसं दिसतं. पडद्यावर भिंग लावून तो एका वेळी चार-पाच अक्षरं वाचतो. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतो, मग परत मागे जातो.

मागच्या महिन्यात फरश्यांच्या दुकानाच्या साइटवर सगळे भाव पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत गेले. मालकानं फोनवर थट्टा केली, "भाव लपवून ठेवायला मी सांगितलं नव्हतं हो." दादाही हसला. फोन ठेवल्यावर भिंग लावून ते पान परत पहिल्यापासून वाचत बसला.

बोलका प्रोग्राम त्यानं एकट्यानं लावून पाहिला होता, त्याच्या जुन्या एडिटरवर. तो "विंडो" एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. दादानं खालच्या बाणाची किल्ली दाबली, वरच्या बाणाची दाबली, पण तो आतलं एक अक्षर वाचेना. दादा म्हणाला, "झालं." त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. मला वाटतं, एवढ्यावरून तो सगळंच संपलं असं धरून चाललाय.

तुला सांगायचं नाही, ही त्याची सक्त ताकीद आहे. का ते तुला कळेल. ज्याला हात धरून शिकवलं, त्याच्यासमोर चाचपडायचं नाही त्याला. म्हणून मला सगळं तयार करून त्याच्यापुढे ठेवायचंय, मीच शोधलं म्हणून.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

पत्र वाचलं. त्या चष्म्याच्या वाक्याची फार लाज वाटली.

दोघांपैकी कोणता, ते मला माहीत नाही. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. ऐकीव सांगण्यापेक्षा स्वतः करून पाहतो. शनिवारी ऑफिस रिकामं असतं. पडदा बंद करून बसेन.

दादाला काही बोलणार नाही. तू जेवतेस ना वेळेवर?

बारकू


१ मार्च

प्रिय वहिनी,

पडदा बंद करून बसलो. एक दुपार म्हटलं होतं, त्याचे दोन शनिवार झाले.

पहिल्या तासात काहीच जमलं नाही. ते यंत्र सगळं वाचतं. "लेस दॅन डिव्ह ग्रेटर दॅन." एक साधी ओळ वाचायला शाळेतल्या हजेरीएवढा वेळ. मी तीनदा पडदा चालू केला. दादाला तो चालू करता येणार नाही, हे आठवून चौथ्यांदा केला नाही.

निकाल असा: व्हीएस कोड घ्यायचा. जड असला तरी तोच. नोटपॅड प्लस प्लस ओळी नीट वाचू देतो, साध्या कामाला पुरेल, पण व्हीएस कोडमध्ये अंधारात काम करणाऱ्या माणसाचा विचार करून ठेवलेला दिसला. बोलका प्रोग्राम चालू आहे हे त्याला आपोआप कळतं. चूक असलेल्या ओळीवर आलं की एक बारीकसा आवाज येतो. एफ-आठ दाबलं की पुढच्या चुकीवर नेऊन सोडतो. माउस कुठंच लागत नाही.

एक गोष्ट मला स्वतःलाच आवडली. एनव्हीडीएमध्ये अशी सोय आहे की ओळ जितकी आत सरकलेली असेल तितका सूर चढतो. डिव्ह म्हणजे पानावरचा एक डबा. एका डब्यात दुसरा डबा, त्यात तिसरा, असं एचटीएमएल लिहीत गेलं की सूर वर वर जातो आणि डबे बंद करत आलं की खाली येतो. म्हणजे पानाचा आकार कानाला कळतो. ते मी चालू करून ठेवलंय. मराठी वाचणारा आवाजही लावलाय. सर्दी झालेल्या माणसासारखा आहे, त्याला इलाज नाही.

सगळ्या सेटिंग्ज एका फाइलमध्ये घालून पाठवतोय, सोबत काय कुठं ठेवायचं ते सोप्या भाषेत लिहिलंय. माझं नाव कुठंच नाही. तूच शोधलंस म्हणून सांग.

इकडे माझं म्हणशील तर काम आहे आणि नाही. आता कोड आम्ही लिहीतच नाही, यंत्र लिहितं आणि आम्ही तपासतो. संध्याकाळी घरी जाताना दिवसभरात काय केलं ते आठवत नाही. ते दोन शनिवार मात्र आठवतात. पुष्कळ दिवसांनी ओळ न ओळ स्वतः लिहिली.

बारकू


२२ मार्च

प्रिय बारकू,

उशीर झाला लिहायला. लॅबमधल्या दोघी रजेवर आहेत आणि घरी आले की बसायला मिळत नाही.

लावलं सगळं. मी म्हटलं, "एकदा बसून तर बघ." 'बघ' म्हटलं आणि जीभ चावली. बारकू, आपली भाषा फार वाईट आहे रे. बघूया, बघतो, बघ ना, दिसतंय का, डोळे उघडे ठेव. दिवसातून किती वेळा तोंडातून जातं, आता कळतंय. तो मात्र म्हणाला, "बघतो," आणि बसला.

पहिल्या दिवशी तास-दीड तास बसला. सर्दीवाल्या आवाजाला त्यानं 'साहेब' नाव ठेवलंय. "साहेब आज फार बोलतात." आठवडाभरानं ओळी लिहायला लागला. पण पूर्वी जे काम चहा निवेपर्यंत व्हायचं त्याला आता अख्खा दिवस जातो. मधूनच हाक येते. "हे बटण कुठं गेलं गं? हा निळा जास्त गडद झालाय का? चित्र नीट बसलंय का बघ." मी कणीक सोडून जाते, हात पुसते, बघते, सांगते. मला निळ्यातला गडद आणि फिका एवढाच फरक कळतो. त्याला त्याच्या मधले दहा निळे माहीत आहेत. मग चिडतो. माझ्यावर नाही, पण त्या खोलीत मीच असते.

परवा त्यानं स्वतःच्याच जुन्या साइटी साहेबांकडून वाचून घेतल्या. फुलांच्या दुकानाचं पान उघडलं. साहेब म्हणाले, "लिंक. लिंक. चित्र. बटण. बटण." कोणतं बटण, कसलं चित्र, काही नाही. दादा म्हणाला, "कौतुक करत होते सगळे या पानाचं." हेडफोन काढून ठेवला आणि आडवा झाला.

दोन गिऱ्हाइकं गेली. वाद घातला नाही, नुसतं पुढचं काम दिलं नाही. त्यांना अजून खरं कारण माहीत नाही. दादा सांगत नाही आणि मलाही सांगू देत नाही.

मी थकलेय रे. बसमध्ये बसले की झोप लागते, दोनदा थांबा चुकला. मला एकच विचारायचंय आणि तू खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. हे सगळं करून काही होणार आहे का? की मीच त्याला उगाच ओढतेय?

वहिनी


२७ मार्च

प्रिय वहिनी,

खरं विचारलंस म्हणून खरं लिहितो.

मला वाटतं दादानं हे काम सोडावं.

त्याला जमणार नाही म्हणून नाही. जमेल. आमच्याच धंद्यात डोळ्यांनी काही न दिसणारी माणसं आहेत, आणि चांगली आहेत. पण ती तरुणपणी, वेळ हाताशी असताना शिकली. दादा पन्नाशी ओलांडून पहिल्यापासून सुरुवात करणार, आणि कशासाठी? छोट्या दुकानांच्या साइटी आता दुकानदाराचा भाचा एका दुपारी यंत्राकडून करून घेतो. आम्हा डोळसांचंच काम उरेल की नाही, ते कोणी सांगू शकत नाही. दादा दोन वर्षं घाम गाळून पुन्हा उभा राहील, तोवर उभं राहायला जागाच नसेल.

आणि तुझं काय? तू त्याचे डोळे झालीस, पण तुझं दुखलंखुपलं बघायला कोण आहे? घरखर्चातलं कमी पडेल ते मी बघेन. तो मला परका आहे का? त्याला विश्रांती घेऊ दे. फिरायला, गाणं ऐकायला, काहीही. माणसानं आयुष्यभर एकच काम करत राहावं असं कुठं आहे?

हे त्याला सांगायचं कसं, ते तू ठरव. माझं नाव आलं तरी चालेल, पण जपून.

बारकू


३० मार्च

बारकू,

तुझं पत्र दादानं ऐकलं.

काल अंगात ताप होता, लॅबला गेले नाही. मेल घरच्या कंप्युटरवर उघडला. दादा पलीकडे खुर्चीत बसला होता. साहेब चालू आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही. हेडफोन काढलेला होता. पत्र उघडलं आणि खोलीभर आवाज सुरू झाला. "प्रिय वहिनी स्वल्पविराम खरं विचारलंस म्हणून खरं लिहितो पूर्णविराम."

बंद कसं करायचं ते मला आठवेना. कंट्रोल दाबायचं असतं, तूच लिहून पाठवलं होतंस, पण हाताला सुचेना. मी पडदा झाकला. पडदा झाकून आवाज थांबतो का? ते 'दादानं हे काम सोडावं' साहेबांनी ज्या सुरात वाचलं, त्याच सुरात ते अर्धविराम वाचतात.

दादा म्हणाला, "राहू दे. संपू दे."

शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "परत लाव." परत लावलं. मग त्यानं विचारलं, "बऱ्याच दिवसांपासून लिहितेस त्याला?" मी हो म्हटलं. "सेटिंग्ज त्याच्या होत्या?" त्यालाही हो म्हटलं. तो उठला आणि भिंतीला हात लावत बाल्कनीत गेला.

रागावलेला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. कंप्युटर तेव्हापासून बंद आहे.

वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

तीनदा फोन केला, दादानं उचलला नाही. तुझाही लागत नाही. लॅबमधल्या बाईंनी सांगितलं की तू कामावर येतेयस, म्हणजे तब्येत ठीक असावी.

मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं, त्यामुळे मागे घेता येत नाही. पण ते त्याच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. त्याच्याशी बोलायचं असतं तर वेगळं बोललो असतो, आणि कदाचित इतकं खरं बोललो नसतो.

एक ओळ पाठव. कसा आहे एवढंच.

बारकू


२ मे

बारक्या,

हे मी स्वतः लिहितोय. र्‍हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घे. साहेब दोन्ही सारखंच वाचतात.

तुझं पत्र मी सगळं मिळून चारदा ऐकलं. माणसानं वाचलं असतं तर त्यात तुझी दया ऐकू आली असती, मग मी भांडलो असतो. यंत्राच्या आवाजात दया नसते. नुसते मुद्दे ऐकू आले. मुद्दे बरोबर होते.

म्हणून सोडलं. खरंच सोडलं. सकाळी उठायचं, बाल्कनीत बसायचं, खालच्या गाड्या आवाजावरून ओळखायच्या. पहिले काही दिवस फार बरे गेले, तेही तुला सांगितलं पाहिजे. कोणीतरी 'सोड' म्हणेल याची मी वाट बघत होतो, हे मला तेव्हा कळलं. तुझी वहिनी म्हणणार नव्हती. तू म्हणालास. डोक्यावरची पाटी उतरल्यासारखं झालं.

मग दातांच्या डॉक्टर बाईंचा फोन आला. त्यांची साइट मी केलीय, आठवत असेल. भेटीची वेळ घ्यायचा फॉर्म पानाच्या तळाशी जाऊन दिसेनासा झाला होता. त्यांनी मधे दुसऱ्या एकाला दाखवलं होतं. त्यानं काहीतरी करून आणखी बिघडवलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "संध्याकाळपर्यंत सांगतो" म्हणून बसलो. सवय.

कंप्युटर लावला. तुझा तो व्हीएस कोड उघडला. पान पहिल्या ओळीपासून ऐकत गेलो. सूर चढला, उतरला, परत चढला. एका जागी चढला आणि उतरलाच नाही. पुढच्या सगळ्या ओळी वरच्याच सुरात जात राहिल्या. म्हटलं इथं कुठंतरी डबा उघडा राहिलाय. मागे येत आलो आणि सापडला. एक बंद करायचा डिव्ह राहिला होता.

डोळे असताना हे काम पाच मिनिटांचं होतं. त्या दिवशी दुपार गेली. बाईंनी "थँक यू" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांना काही विशेष वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं. पण बारक्या, त्या दुपारी मी कुठं बसलोय, अंधार आहे की उजेड, हे मला एकदाही आठवलं नाही. बाल्कनीत ते सारखं आठवायचं.

दुसऱ्या दिवशी राहिलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना मीच फोन केले आणि सांगून टाकलं. बहुतेक जण फार गोड बोलले आणि गेले. फरश्यावाला म्हणाला, "भाव दिसले म्हणजे झालं, तुम्हाला दिसतात की नाही ते मला काय करायचं?" तो राहिला. डॉक्टर बाई राहिल्या. फुलवाली राहिली, तिच्या पानावरच्या प्रत्येक बटणाला आता नाव देतोय. तीन दुकानं म्हणजे पोट भरायचा धंदा नाही, मला कळतं. वहिनीचा पगार आहे, घर चालतं. तू खर्चाचं लिहिलं होतंस, ते मनात ठेव, पाठवू नकोस. लागलं तर मागेन. मागायला लाजणार नाही, एवढं आता शिकलोय.

रंग बघायला वहिनीला बोलवत नाही. ते काम मी सोडलं. तिच्याच लॅबमधल्या एका मुलीला चित्रकलेची आवड आहे, ती रविवारी येते आणि तिला योग्य वाटेल ते लावते. मला विचारत नाही. पहिल्यांदा त्रास झाला.

जुना एडिटर काढून टाकलेला नाही. उघडतही नाही.

तुझा एडिटर जड आहे. उघडायला वेळ लावतो, न विचारता सूचना देतो आणि माझ्या हाताच्या निम्म्या सवयी त्याला मान्य नाहीत. पण बोलतो. माझ्यासाठी आता एवढं पुरे.

कधीतरी ये. येताना काही आणू नकोस, आणि दारात पाया पडल्यासारखा चेहरा करू नकोस. तुझा चेहरा मला दिसणार नाही, पण वहिनी सांगते मला सगळं.

दादा


९ जून

प्रिय वहिनी,

पोचलो. गाडीला गर्दी नव्हती, पण झोपही लागली नाही.

तू स्टेशनवर विचारलंस, "कसा वाटला?" आणि मी म्हटलं, "ठीक." गाडी सुटत होती, आणि तुझ्या तोंडाकडे बघून बोलणं जमत नव्हतं. तू बारीक झालीयस. डॉक्टरांना दाखव, पुढे ढकलू नकोस. लॅबमध्ये काम करतेस म्हणून स्वतःचं रक्त तपासण्यातून सूट मिळत नाही.

मी अजूनही म्हणतो, पत्रातले मुद्दे बरोबर होते. धंदा बुडतोय, दादाची नजर परत येणार नाही, तू थकलीयस. मी आलो म्हणून त्यातलं काही बदललं नाही. पण शनिवारी संध्याकाळी तुला लॅबमधून यायला उशीर झाला, तेव्हा घरात काय झालं ते तुला सांगायचं राहिलं.

दादा कामाला बसला होता. फुलवालीचं पान. मी मागे स्टुलावर बसलो. बाहेरचा उजेड कमी होत होता. दिवा लावू का, असं विचारणार होतो, पण स्टूलच जरा पुढे ओढलं. त्याची बोटं भराभर चालत होती. आणि ते साहेब, ज्यांची तू पत्रांतून थट्टा लिहायचीस, इतक्या वेगानं बोलत होते की मला नुसती घरघर ऐकू येत होती, शिलाई मशीन चालल्यासारखी. एक शब्द वेगळा काढता येईना. दादा मात्र मधेच थांबायचा, दोन ओळी मागे जायचा, काहीतरी पुसायचा, पुढे जायचा. मी या कामात त्याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि तो काय करतोय हे मला कळत नव्हतं.

शेवटी म्हटलं, "दादा, मला यातलं काही समजत नाहीये."

तो थांबला. "वेगाचं होत असेल," म्हणाला. "मला आता याहून हळू ऐकवत नाही." मग दोन किल्ल्या दाबत गेला आणि आवाज एकेक पायरी हळू करत आणला. साहेब इतके सावकाश बोलायला लागले की प्रत्येक शब्द सुटा पडायला लागला. दादानं पान पुन्हा वरपासून लावलं. एक ओळ ऐकवायची, थांबायचं. आता सूर चढला, ऐकलंस? म्हणजे आपण आत शिरलो. आता इथून उतरेल, नीट ऐक.

खोलीत पुरता अंधार झाला होता. पाठमोरा बसून तो माझ्यासाठी थांबला होता.

"कळलं?" म्हणाला. "जाऊ पुढे?"

मी मान हलवली. तो थांबूनच राहिला. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी तोंडानं "हो" म्हटलं.

बारकू